दोन कृष्णविवरांच्या शेवटच्या चार फेऱ्या

ऑगस्ट १९७०च्या ‘नेचर’मध्ये तीन पानांचा एक लेख आला. लेखक एकटेच होते: बंगलोरचे सी. व्ही. विश्वेश्वरा, वय बत्तीस. त्या लेखातली एक रेघ वर उसळते, खाली बुडते, पुन्हा वर येते, आणि दर हेलकाव्याला उंची घटत घटत शेवटी सपाट होते. कृष्णविवराला धक्का बसला तर त्यातून कशी लहर बाहेर पडेल, ते त्या रेघेत होतं. कृष्णविवर तोवर कुणाला सापडलेलं नव्हतं. हंस तारकासमूहातल्या ज्या क्ष-किरण स्रोताला पुढे पहिलं कृष्णविवर मानलं गेलं, त्याची ओळख पटायलाही अजून वर्ष-दीड वर्ष जायचं होतं. गुरुत्वीय लहर तर कुणाच्याच हाती लागली नव्हती.

पंचेचाळीस वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये हजाराहून जास्त लेखकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना निघालेली लहर पृथ्वीवर नोंदली गेल्याची ती घोषणा होती. त्या लहरीचं शेवटचं टोक तसंच हेलकावे खात विझतं, आणि निबंधाच्या संदर्भयादीत विश्वेश्वरांचा तो तीन पानी लेख आहे.

दोन कृष्णविवरं जवळ आली की काय होतं, हे आज बऱ्याच खात्रीने सांगता येतं. ते दुर्बिणीतून बघून कळलेलं नाही. बघण्याजोगं तिथे बहुधा काही नसतंच. आधी कागदावर आणि मग संगणकावर माणसांनी ती लहर तुकड्या-तुकड्याने लिहून काढली, आणि लिहून ठेवलेली होती म्हणूनच ती आली तेव्हा काय आलंय ते उलगडलं. या लिहिण्यात बंगलोर आणि पुणे या दोन गावांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णविवर म्हटलं की आजूबाजूचं सगळं ओढून घेणारं काहीतरी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर येतं. लांबून तसं काही नसतं. सूर्याच्या जागी सूर्याच्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील. दोन कृष्णविवरंही एकमेकांभोवती कोट्यवधी वर्षं निवांत फिरू शकतात. न्यूटनच्या नियमांनी पाहिलं तर ती कायमचीच फिरतील. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेत मात्र फिरणारी वस्तुमानं अवकाश-कालालाच हलवतात. ती हालचाल लहरींच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने दूर जाते आणि जाताना कक्षेतली ऊर्जा घेऊन जाते. ऊर्जा गेली की कक्षा आक्रसते, कक्षा आक्रसली की फेरी लवकर होते, आणि फेरी जितकी वेगवान तितक्या लहरी जोरकस. सुरुवातीला ही गळती इतकी क्षुल्लक असते की युगं लोटली तरी अंतर जेमतेम कमी होतं. शेवटच्या सेकंदात सगळं हातघाईवर येतं.

या लहरींची कल्पना आइन्स्टाइन यांनी जून १९१६मध्ये मांडली, १९१८ साली त्यातली चूक सुधारून पुन्हा मांडली, आणि पुढे त्यांचाच तिच्यावरचा विश्वास उडाला. १९३६ साली प्रिन्स्टनहून त्यांनी नेथन रोझेन यांच्याबरोबर ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे एक निबंध धाडला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो परीक्षणाला दिला आणि परीक्षकाने गणितातली खोट दाखवून तो परत केला. आइन्स्टाइन संतापले. आपण निबंध छापायला पाठवला होता, छापण्याआधी कुणाला दाखवायला नव्हे, असं कळवून त्यांनी तो मागे घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. हे सत्तर वर्षांनी मासिकाच्या जुन्या नोंदींवरून पक्कं झालं. रॉबर्टसन प्रिन्स्टनमध्येच होते. त्यांनी आइन्स्टाइन यांच्या सहायकाला, लिओपोल्ड इन्फेल्ड यांना, गप्पांच्या ओघात ती खोट समजावून सांगितली. १९३७ साली निबंध दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष उलटा झालेला होता.

तरी शंका संपली नाही. लहरी असतील, पण त्या खरोखर ऊर्जा नेतात का? जानेवारी १९५७मध्ये अमेरिकेत चॅपल हिल इथे भरलेल्या परिषदेत रिचर्ड फाइनमन यांनी यावर काठीवर ओवलेल्या मण्यांचा युक्तिवाद केला. लहर गेली की मणी काठीवरून किंचित पुढेमागे सरकतील. काठी खरखरीत असेल तर घासून ती तापेल. मग ती उष्णता आली कुठून? लहरीतूनच. त्या परिषदेला मेरीलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर हजर होते. ते पुढे लहरी पकडण्याच्याच मागे लागले. ॲल्युमिनियमची मोठाली नळकांडी टांगून, लहर गेल्यावर ती थरथरतात का, हे ते मोजत बसले, आणि १९६९ साली लहरी सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. इतर कुणाच्याही यंत्राला त्या सापडल्या नाहीत. वेबर यांचा दावा टिकला नाही. पण हे प्रयोगाने करून बघण्याजोगं काम आहे, हे त्यांच्यामुळेच लोकांच्या मनात बसलं.

त्याच मेरीलँडमध्ये, त्याच काळात, चार्ल्स मिस्नर यांच्या हाताखाली विश्वेश्वरा पीएच.डी. करत होते. त्यांच्यापुढचा प्रश्न वरकरणी साधा होता: ही वस्तू टिकते का? कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली आइन्स्टाइनची समीकरणं सोडवून जे उत्तर काढलं होतं, त्यात कृष्णविवर दडलेलं होतं. पण समीकरणाचं उत्तर मिळालं म्हणजे ती वस्तू निसर्गात असेलच असं नाही. तिला बाहेरून जरासा धक्का दिला आणि ती विस्कटली, तर ती कुठे सापडण्याची आशाच नको. विश्वेश्वरांनी हिशेब मांडून दाखवलं की ती विस्कटत नाही, पुन्हा मूळ आकारावर येते.

मग पुढचा प्रश्न आलाच. मूळ आकारावर येताना ती करते काय? हे शोधायला त्यांनी संगणकावर कृष्णविवराच्या दिशेने लहरींचे एकेक झोत सोडले. आधीचे झोत रुंद होते. ते विवरावर आदळून परतले, पण परतलेल्या लहरीत विवराचा काही ठसा दिसेना. विश्वेश्वरांनी झोत अरुंद करत नेला. त्याची रुंदी विवराच्या आकाराइतकी झाली तेव्हा परतणाऱ्या लहरीच्या मागे एक शेपूट उमटलं, ठरावीक वारंवारतेचं आणि भराभर विझणारं. विवर स्वतःच्या सुरात वाजत होतं. हा सूर कशाने धक्का बसला यावर अवलंबून नसतो. विवराचं वस्तुमान किती आणि ते स्वतःभोवती किती जोराने फिरतंय, एवढ्यावरच त्याची वारंवारता आणि विझण्याचा वेग ठरतो. म्हणजे सूर ऐकू आला तर विवर मोजता येणार. या सगळ्याची सुरुवात एका तरुण संशोधकाने तीन पानांत करून ठेवली होती. पुढे विश्वेश्वरा बंगलोरला परतले, तिथल्या संशोधन संस्थांत रमले आणि शहराचं नेहरू तारांगण त्यांनी नावारूपाला आणलं.

१९७४ साली दोन गोष्टी घडल्या. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना एकमेकांभोवती पावणेआठ तासांत फेरी घालणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. त्यांतला एक तारा स्पंदक होता, म्हणजे अचूक ठोके देणारा, त्यामुळे फेरीचा काळ बारकाईने मोजता येत होता. तो वर्षाला सुमारे ७६ मायक्रोसेकंदांनी कमी होत असल्याचं पुढच्या काही वर्षांत दिसलं, आइन्स्टाइनच्या गणिताने जेवढा व्हायला हवा बरोबर तेवढा. लहरी ऊर्जा नेतात हे आता आकाशात दिसलं होतं. दुसरी गोष्ट आपल्याकडची. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्या वर्षी ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेवर नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे आद्याक्षरं उलटी करून बसलेले जयंत विष्णू नारळीकर, हे नंतर उघड झालं. हल्स-टेलर यांची जोडी किंवा विश्वेश्वरांचा लेख मराठी घरांत पोचला नाही. कृष्णविवर मात्र त्या कथेतून अनेकांच्या ओळखीचं झालं.

१९८८ साली नारळीकरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि इथून या गोष्टीत पुणे शिरतं.

तोवर अमेरिकेत नव्या तऱ्हेच्या यंत्राची आखणी चालू होती. एमआयटीचे रायनर वाइस यांनी १९७२ सालच्या एका अहवालात ती तपशिलाने मांडली होती: काटकोनात दोन लांब नळ्या, दोन्हींत लेसरचा प्रकाश, टोकाला आरसे. लहर गेली की एक नळी किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि परतलेल्या दोन किरणांचा मेळ बिघडतो. कॅल्टेकचे किप थॉर्न आणि स्कॉटलंडहून तिथे आलेले रोनाल्ड ड्रेव्हर यांच्यासह यातूनच लायगो प्रकल्प झाला. चार-चार किलोमीटरच्या नळ्यांची दोन केंद्रं, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरं लुइझियानात लिव्हिंगस्टनला. १९९४पासून बॅरी बॅरिश यांनी सूत्रं हाती घेतली आणि रेंगाळलेला प्रकल्प मार्गी लागला.

यंत्र कितीही चांगलं असो, ते गोंगाटात बुडालेलं असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमीन कायम थरथरते, आरशांचे अणू थरथरतात, लेसरचा स्वतःचा गोंगाट असतो. त्यात बुडालेला सेकंदभराचा संकेत शोधायचा कसा? एक रीत रडारवाल्यांना जुनी माहीत होती. अपेक्षित संकेताचा साचा करायचा आणि नोंदींवरून तो सरकवत न्यायचा. जिथे तो बसतो तिथे गोंगाट एकमेकांत कटतो आणि संकेत वर येतो. अडचण अशी की येणाऱ्या जोडीची वस्तुमानं आधी माहीत नसतात. प्रत्येक जोडीला वेगळा साचा हवा. साचे विरळ ठेवले तर संकेत दोहोंच्या मधून निसटतो, दाट ठेवले तर संगणकाला पेलवत नाहीत. आयुकात संजीव धुरंधर या प्रश्नाला भिडले. त्यांनी नारळीकरांबरोबर मुंबईत टीआयएफआरमध्ये काम केलं होतं, आणि ऐंशीच्या दशकात कार्डिफला बर्नार्ड शुट्झ यांच्याकडे राहून या विषयात उडी घेतली होती. तेव्हा आपल्याकडे हा विषय करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १९९१ साली बी. एस. सत्यप्रकाश आणि धुरंधर यांचा निबंध आला: साचे कोणते निवडायचे आणि एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचे, याची पद्धत त्यात होती. पुढे धुरंधरांनी आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला भूमितीचं रूप दिलं. प्रत्येक साचा एका पृष्ठावरचा बिंदू, आणि दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे चुकीच्या साच्याने संकेत धरायला गेलं तर होणारं नुकसान. २०१५ साली लायगोच्या नोंदींवरून जे साचे फिरवले गेले ते सुमारे अडीच लाख होते. त्यांच्या मांडणीमागे ही भूमिती होती.

पण साच्यात भरायचं काय? दोन विवरं जवळ येतानाची लहर अचूक लिहायची तर न्यूटनच्या गणिताला एकामागून एक दुरुस्त्या जोडाव्या लागतात, आणि प्रत्येक पुढची दुरुस्ती आधीच्यापेक्षा कित्येक पटींनी किचकट असते. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर यांनी फ्रान्सच्या ल्युक ब्लांशे आणि तिबो दामूर यांच्याबरोबर या कामाला अनेक वर्षं दिली. १९९५ साली त्यांच्या गटाचं उत्तर, क्लिफर्ड विल आणि ॲलन वाइजमन यांनी वेगळ्या वाटेने काढलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. त्या पाच जणांचा निबंधही २०१६च्या संदर्भयादीत आहे. मला या जुळण्याचं अप्रूप वाटतं. ताडून बघायला निसर्गातली एकही नोंद हाताशी नव्हती, म्हणून दोन गटांनी स्वतंत्रपणे तोच डोंगर चढायचा आणि माथ्यावर भेट झाली की वाट बरोबर मानायची, असं ते काम होतं.

अशा रीतीने लहरीची सुरुवात आणि शेवट लिहून झाला. मधला भाग, प्रत्यक्ष मिसळण्याचा, कोराच होता. तिथे दुरुस्त्या जोडत जाण्याची युक्ती चालत नाही. आइन्स्टाइनची समीकरणं पुरी सोडवावी लागतात. सुझन हान आणि रिचर्ड लिंडक्विस्ट यांनी १९६४ साली आयबीएम ७०९० संगणकावर पहिला प्रयत्न केला. मग चाळीस वर्षं माणसं यावर डोकं आपटत राहिली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्यासाठी अनेक विद्यापीठांची मोठी मोहीम निघाली. तरी विवरांची एक फेरी पुरी व्हायच्या आत गणित कोसळायचं. विवराच्या आत आकडे अनंताकडे धावतात, आणि अवकाश-कालाला मोजपट्टी लावायची रीत जरा चुकली की बारीकशी चूक क्षणात सगळं गिळून टाकते. २००५ साली फ्रान्स प्रिटोरियस या तरुण संशोधकाने एकट्याने हे कोडं सोडवलं: फेरी, मिसळणं आणि नंतरचं स्थिरावणं, सलग. काही महिन्यांतच नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या आणि टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या गटांनी दुसऱ्या पद्धतीने तेच करून दाखवलं. मधल्या भागात काहीतरी भयंकर गुंतागुंतीचं असेल अशी अनेकांची अटकळ होती. निघाली ती अगदी सुबक लहर. चढत जाणाऱ्या सुरुवातीचं टोक विश्वेश्वरांच्या विझत्या शेपटाला सहज जुळत होतं.

लायगोचं पहिलं यंत्र २००२ ते २०१० चाललं आणि त्याला काहीही ऐकू आलं नाही. या काळात लोकांना सावध ठेवायला म्हणून मोजके जण कुणाला न सांगता खोटा संकेत यंत्रात सोडत. सप्टेंबर २०१०मध्ये असाच एक आला. शेकडो जणांनी सहा महिने खपून निबंध लिहून तयार केला आणि मार्च २०११मध्ये कॅलिफोर्नियात, संकेत खरा की खोटा हे सांगणारं बंद पाकीट उघडल्यावर कळलं की तो खोटा होता. त्यानंतर यंत्र खोलून नव्याने बांधलं गेलं. चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर टांगले.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. आपल्याकडे गणपती तीन दिवसांवर आले होते आणि घड्याळात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. नव्या यंत्राच्या अधिकृत निरीक्षणांना अजून चार दिवस होते. चाचण्या चालू होत्या. लिव्हिंगस्टनला पहाट व्हायची होती. तिथे यंत्राची परीक्षा घेणारी माणसं रात्रभर काम करून थोड्याच वेळापूर्वी निघून गेली होती. जर्मनीत हॅनोवरला दुपार होत होती आणि मार्को ड्रागो हा इटालियन संशोधक कार्यालयात बसला होता. काही मिनिटांतच त्याला संगणकाकडून आपोआप निघालेला निरोप मिळाला. लिव्हिंगस्टनच्या नोंदीत एक संकेत होता आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या नोंदीत तसाच दुसरा. संकेत इतका स्वच्छ होता की ड्रागोला तो खोटाच वाटला. त्याने शेजारच्या अँड्र्यू लुंडग्रेन या सहकाऱ्याला गाठलं, दोघांनी नियंत्रण कक्षांना फोन लावले. एकाच ठिकाणी फोन उचलला गेला. तिथे सगळं सुरळीत होतं आणि कुणीही काही सोडलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ड्रागोला निरोप देणारा शोध साच्यांचा नव्हता. दोन्ही केंद्रांत एकाच वेळी काही उसळलं का, एवढंच तो बघत होता. संकेत इतका जोरकस होता की साच्याशिवायही दिसला. पण तो कुणाचा, किती वजनाचा, किती लांबचा, हे साच्यांशी आणि संगणकावर लिहिलेल्या लहरीशी ताडल्यावरच कळलं. असा योगायोग नुसत्या गोंगाटातून दोन लाख वर्षांत एकदाही होणार नाही, ही खात्रीही साच्यांनीच दिली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला आलेला दुसरा संकेत तर इतका क्षीण होता की साच्यावाचून तो सापडलाच नसता.

त्या सोमवारच्या संकेताची लांबी होती सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्यात काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एक विवर सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट. दोन्हींचा व्यास दोनशे किलोमीटरच्या आसपास. यंत्राला लहर जाणवू लागली तेव्हा ती एकमेकांपासून आठ-नऊशे किलोमीटरवर होती आणि सेकंदाला सतरा-अठरा फेऱ्यांच्या वेगाने फिरत होती. फेरीत दोन लहरी उमटतात, म्हणून लहरीची वारंवारता ३५. इथपासून पुढे त्यांच्या जेमतेम चार फेऱ्या उरल्या होत्या. प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा आखूड आणि झपाट्याची. शेवटच्या फेरीत अंतर साडेतीनशे किलोमीटर, वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त, लहरीची वारंवारता दीडशे. तिथे लहर सगळ्यात उंच आहे. दोन्हींची क्षितिजं, म्हणजे ज्यांच्या आतून काहीच बाहेर येत नाही त्या सीमा, एक झाली, वेडावाकडा असा एकच आकार तयार झाला, आणि काही मिलिसेकंदांत तो हेलकावे खात गुळगुळीत झाला. उरलं ते सूर्याच्या ६२ पट वस्तुमानाचं एकच, गरगर फिरणारं विवर. छत्तीस आणि एकोणतीस मिळून पासष्ट. मधली तीन सूर्यांएवढी वस्तू लहरी होऊन निघून गेली होती. त्या क्षणी बाहेर पडणारी शक्ती दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशापेक्षा जास्त होती, आणि डोळ्यांना दिसण्याजोगा त्यात काहीच प्रकाश नव्हता.

ही घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची. ती घडली तेव्हा आपल्या दख्खनचा काळा दगड तयार व्हायला अजून सव्वाशे कोटी वर्षांच्या आसपास अवकाश होता. लहर पृथ्वीवर पोचली तेव्हा चार किलोमीटरच्या नळीच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडाव्या हिश्शाहूनही कमी होता.

फेब्रुवारी २०१६मध्ये घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. विश्वेश्वरा ७७ वर्षांचे होते. स्वतः लिहिलेली रेघ निसर्गाच्या हातून उमटलेली त्यांनी पाहिली याचं मला फार समाधान वाटतं, कारण पुढच्या जानेवारीत ते गेले. ऑक्टोबर २०१७मध्ये वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना नोबेल मिळालं. ड्रेव्हर त्याआधी मार्चमध्येच वारले होते.

त्यानंतर दहा वर्षांत अशा मिलनांची संख्या तीनशेच्या घरात गेली. सगळ्यांत स्वच्छ नोंद १४ जानेवारी २०२५ची. विवरं जवळपास पहिल्या जोडीएवढीच होती, पण यंत्र इतकं सुधारलं होतं की संकेत गोंगाटाच्या कितीतरी वर निघाला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ साली सिद्ध केलं होतं की विवरं एकत्र आली तर वस्तुमान घटेल, पण क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधीच घटणार नाही. इथे ते मोजता आलं. आधीच्या दोन विवरांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, नंतरच्या एकाचं सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार आहे. म्हणजे आधी राज्यात मावली असती अशी दोन क्षितिजं, एक झाल्यावर राज्याच्या बाहेर गेली. विझत्या शेपटात मूळ सुराबरोबर त्याचा आणखी एक जोडसूर वेगळा ऐकू आला, आणि दोन्हींवरून निघालेलं वस्तुमान आणि फिरण्याचा वेग एकमेकांशी जुळला.

दीर्घिकांच्या केंद्रांत असलेली विवरं याहून लक्षावधी-कोट्यवधी पटींनी मोठी. त्यांच्या जोड्यांची एकेक लहर वर्षानुवर्षं चालते, चार किलोमीटरच्या नळीत ती मावतच नाही. तिच्यासाठी हल्स-टेलर यांच्या ताऱ्यासारखे अनेक स्पंदक घड्याळं म्हणून वापरतात आणि त्यांचे ठोके मागेपुढे होतात का ते वर्षानुवर्षं टिपतात. जून २०२३मध्ये अशा लहरींचा पुरावा जगभरच्या गटांनी एकदम जाहीर केला. त्यांत युरोपच्या गटाबरोबर भारत-जपानचा गट होता. भारत-जपान गटाच्या नोंदी नारायणगावाजवळ खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलेल्या आहेत.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोचं भारतातलं केंद्र व्हायचं आहे. हॅनफर्डसाठी घडवलेला यंत्रांचा एक जादा संच होता. तो आधी ऑस्ट्रेलियाला द्यायचं चाललं होतं; त्यांना जमलं नाही, म्हणून तो भारताकडे यायचं ठरलं. पहिल्या घोषणेनंतर सहाव्या दिवशी, १७ फेब्रुवारी २०१६ला, केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळायला एप्रिल २०२३ उजाडलं. मधली सात वर्षं मला फार वाटतात. यंत्र इथे हवं त्याचं कारण दिशा हे आहे. दोनच केंद्रं असल्यामुळे २०१५ची ती विवरं आकाशात नेमकी कुठली हे आजही ठाऊक नाही. दक्षिण आकाशातला सुमारे सहाशे चौरस अंशांचा एक लांबट पट्टा तेवढा दाखवता आला. तीच लहर तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी, दूरवर, किती मिलिसेकंदांनी पोचते ते कळलं की तो पट्टा आक्रसतो. अमेरिकेतल्या दोन्ही केंद्रांपासून औंढा पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला येतं, आणि एवढ्या अंतरावर तो फरक दोन आकडी मिलिसेकंदांत जातो.